तिसरा पुकारा

आमच्या भागात चहा न पिणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानेच बघतात. साखरेचा आजार असेल, उपवास असेल तर गोष्ट वेगळी, पण नुसतंच "मी घेत नाही" म्हटलं की घरातली बाई हमखास विचारते, "काऊन, बिनसाखरेचा करू काय?" आमच्या बांधकामावरचे रखवालदार पुकारेबाबा चहा घेत नसत, एवढंच नाही, चहाच्या कपाला बोटही लावत नसत. मजुरांसाठी टपरीवरून किटली आली की ते आठ-दहा पावलं लांब जाऊन, तिकडे पाठ करून उभे राहत. किटली रिकामी झाली की परत येत. म्हातारपणी माणसाला एखादं सोवळं लागतं, तसंच काही असेल असं मला वाटलं, आणि विचारायचं राहून गेलं.

त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनाच ते आवडलं नसतं. माणसाचं नाव असं जाता जाता घ्यायचं नसतं, घेतलं तर तीनदा घ्यायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

चिखलीहून खामगावकडे जाताना अमडापूरच्या अलीकडे एक फाटा फुटतो, त्या बाजूला हे गाव आहे. गाव लहान, पण इंग्रजांच्या काळात इथे काळ्या दगडाची एक कचेरी बांधली गेली. पुढे बरीच वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्याहून साहेब यायचे आणि जमिनीच्या तक्रारी ऐकायचे. मग तेही बंद झालं. छपराची सागवानी पटई लोकांनी काढून नेली, आत बाभळी वाढल्या, आणि उरलेल्याचा ताबा कबुतरांनी घेतला. मी बुलढाण्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. ही पडकी कचेरी दुरुस्त करून तिथे गावातल्या लोकांना बसून वस्तू घडवता येतील अशी जागा करायची, हे खूळ माझं. सुतार, शिवणकाम करणाऱ्या बाया, कोळपणीच्या डवऱ्यात सुधारणा सुचलेला शेतकरी, माझे विद्यार्थी, सगळे एका छपराखाली. आम्ही तिला 'कल्पनाघर' म्हणायचो. गाव मात्र शेवटपर्यंत कचेरीच म्हणत राहिलं.

पहिल्या दिवशी मी मोजमापाची टेप घेऊन फाटकापाशी पोचले, तर आत एक उंच, सुकलेला म्हातारा उभा. अंगात खाकी कोट, खांद्यावरून कमरेपर्यंत तिरका लाल पट्टा, पट्ट्यावर चकचकीत घासलेला पितळी बिल्ला.

"नाव?" ते म्हणाले.

मी सांगितलं. ते वळले, ओसाड कचेरीच्या दारापर्यंत गेले, दगडी उंबऱ्यावर उभे राहिले आणि माझ्याकडे तोंड करून माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, खड्या आवाजात तीनदा पुकारलं. मी समोर वीस पावलांवर उभी होते. तिसऱ्या हाकेनंतर ते दारातून बाजूला सरले आणि म्हणाले, "या आता."

मला हसू आलं होतं. पण आत पाऊल टाकलं आणि छपराशिवायच्या त्या खोलीत कबुतरं एकदम गप्प झाली, तेव्हा ते हसू गिळावं लागलं.

कचेरीत तारखेच्या दिवशी शिपाई दारात उभा राहून ज्याची तक्रार असेल त्याला नावाने बोलावतो, त्याला पुकारा म्हणतात. तीनदा बोलवायचं. तिसऱ्या हाकेलाही कोणी उठलं नाही, तर तो गैरहजर. बाबा इथे शिपाई होते आणि कचेरी उठेपर्यंत पुकारा त्यांच्याकडे होता. पुढे तालुक्याच्या ऑफिसात नोकरी पुरी करून ते निवृत्त झाले, आणि मग रोज इथे येऊ लागले. कोणी नेमलं नव्हतं, कोणी हटकलं नव्हतं. मी त्यांना रखवालदार म्हणून ठेवून घेतलं, म्हणजे काय केलं तर ते करतच होते त्याला नाव दिलं.

तीनच्या आकड्याचं त्यांना वेड होतं. जेवणाच्या सुट्टीत गवंड्याला बोलवायचं तरी तीनदा, त्याच्या बापाच्या नावासकट. पुण्याहून एकदा डिझाइनवाले एक गृहस्थ बघायला आले, त्यांना बाबांनी भर उन्हात फाटकाबाहेर थांबवलं आणि रीतसर तीन पुकारे झाल्यावरच आत घेतलं. ते रुमालाने मान पुसत म्हणाले, "अहो, एकदा हाक मारली असती तरी चाललं असतं."

"तुमाले चाललं असतं," बाबा म्हणाले. "मले नसतं चाललं. माणूस पयल्या हाकेनं ऐकते, दुसरीनं इचार करते. उठते तिसरीनं."

आणि ते कधी बसत नसत. खुर्ची दिली तरी तिच्या पाठीवर हात ठेवून उभे. जेवायचेही उभ्याने, भाकरी तळहातावर घेऊन.

संध्याकाळी दिवस मावळायच्या बेताला मजूर गेले की त्यांचं शेवटचं काम असे. उंबऱ्यावर उभं राहून ते रिकाम्या वऱ्हांड्याकडे बघत आणि विचारत, "कोनी राह्यलं काऽऽ?" तीनदा. मग मान जराशी तिरकी करून थांबत. आपण कोणाला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतो, तितका वेळ. मग स्वतःशीच म्हणत, "हाव." फाटक ओढून घेत, पण साखळी कोयंड्यात अडकवत नसत. नुसती लोंबती ठेवत.

यावरून मी त्यांना दोन-तीनदा चांगलंच सुनावलं. आत नवी यंत्रं येणार, कम्प्युटर येणार, आणि रखवालदार कडीसुद्धा घालत नाही. ते शांतपणे ऐकून घेत. "चोर नाई येत, मॅडम," एवढंच म्हणत. "अन् ज्याले जायचं हाय त्याले कडी उघडता आली पाह्यजे."

डागांचं प्रकरण छप्पर चढल्यावर सुरू झालं. वऱ्हांड्याची लांब भिंत आम्ही चुन्याने लिंपली. जुन्या पद्धतीचा चुना, पंधरा दिवस भिजवलेला, त्यात बेलफळाचं पाणी. वर पांढरा हात मारला. भिंत अशी उजळली की देऊळघाटहून आणलेला रंगारी स्वतःच मागे सरून बघत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला फोन केला. आवाज बदललेला होता.

जाऊन बघते तर पांढऱ्या भिंतीवर तपकिरी डाग उमटलेले. वेडेवाकडे नाहीत. एका ओळीत, जमिनीपासून सारख्या उंचीवर, वितीएवढे लांबट गोल. एकेका गोलाखाली पसरट, फिकट दुसरा डाग. वरचं डोकं आणि खालची पाठ आहे हे मला कळायला वेळ लागला. संबंध वऱ्हांडाभर माणसं भिंतीला टेकून बसलेली होती.

कारण साधं होतं, आणि मी ते रंगाऱ्याला समजावून सांगितलं. दोन-तीन पिढ्या लोक इथे तारखेची वाट बघत बसले. डोक्याला तेल, पाठीला घाम. ते दगडाच्या सांध्यांत मुरलं, आता ओल्या चुन्यातून वर येतंय. शास्त्र आहे हे. रंगारी मान हलवत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. आम्ही दुसरा हात मारला, तिसरा मारला. दर वेळी तिसऱ्या दिवशी ते परत.

शेवटच्या खांबापाशी, सगळ्यांपासून दोन हात सोडून, एक डाग एकटा होता. बाकीच्यांपेक्षा ठेंगणा आणि सगळ्यांत काळा. हे मात्र मला माझ्याच शास्त्रात बसवता येईना. इतर ठिकाणी शेकडो डोकी टेकली असतील. त्या कोपऱ्यात, कडेला, इतकं कोण बसलं असेल?

आमच्या नव्या नकाशात नेमक्या त्याच जागी दार होतं. भिंत फोडून तिथून शिवणकामाच्या खोलीत जायची वाट काढायची होती. एका मंगळवारी दुपारी गवंड्याने पहार उचलली आणि बाबा भिंतीपुढे येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. नुसते उभे.

"बाबा, सरका बाजूला."

"मॅडम, तिथं बाई बसेल हाय."

गवंड्याने पहार खाली ठेवली आणि तो बिडी प्यायला म्हणून जो गेला, तो त्या दिवशी परत आला नाही. मी बाबांना आतल्या खोलीत घेऊन गेले. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, माझ्याकडे न बघता, दाराच्या चौकटीकडे बघत.

"कौतिकाबाई. नवरा मेल्यावर दीरानं तिचं वावर आपल्या नावावर चढवून घेतलं. तिची तक्रार होती. कागद सारे तिच्या बाजूनं होते, सायेब बी म्हने. नुसतं तिनं उभं राहून 'हाव, वावर माहं हाय' म्हनायचं बाकी होतं. बाई शेवटल्या खांबापाशी बसे. तवा काही लोकायले तसंच दूर बसा लागे. त्या दिशी वारा सुटेल होता. म्या दोन पुकारे केले. तिसऱ्याले तोंड उघडलं, तं अंदरून सायेबानं आवाज देल्ला, चहा सांग. म्या टपरीवर गेलो. वापस येतो तं कारकुनानं लिहून टाकेल: तीनदा पुकारा केला, अर्जदार गैरहजर. तो ते पयलेच लिहून ठेवे, रोजची सवय. खाली माही सही घेतली. एका हातात चहा होता, दुसऱ्या हातानं म्या सही केली."

"आणि ती?"

"बसेल होती ना. तिले ऐकूच गेलं नोतं. संध्याकाळी मले इचारे, भाऊ, माहं नाव कवा निंगन? म्या म्हनलं, पुढची तारीख भेटन."

बाहेर कबुतरं घुमत होती. त्यांनी पट्ट्यावरचा बिल्ला सरळ केला.

"पुढच्या मंगळवारी आली. मंग त्याच्या पुढच्या. कचेरी उठेपरेंत येत होती, मॅडम. वावर कवाचं गेलं होतं. सकाळी येऊन बसे, संध्याकाळी मले पाहे. म्या म्हनो, पुढची तारीख."

"किती वर्षं?"

"मोजाची हिंमत नाई झाली."

मला त्या म्हाताऱ्याची कीव आली नाही. खरं सांगते, राग आला. एका वाक्याचं काम होतं. नोकरी गेली असती फार तर. एक बाई आयुष्यभर भिंतीला डोकं टेकून बसते आणि तुम्हाला एक वाक्य बोलवत नाही, असं मी त्यांना म्हटलंसुद्धा. त्यांनी मान डोलावली.

"एक पुकारा बाकी हाय," ते म्हणाले. "तेवढा करू द्या. मंग भिंत फोडा. पन खुर्चीत कोनी पाह्यजे. हुकुमाबिगर पुकारा होत नाई. इतले दिवस खुर्चीत बसनारं कोनी नोतं. आता तुमी हा."

चार वाजत आले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याचं समाधान होईल आणि उद्या भिंत फुटेल. साहेबांच्या जुन्या चौथऱ्यावर प्लास्टिकची एक खुर्ची होती, तिच्यावर मी जाऊन बसले. बाबांनी पट्टा सारखा केला, बिल्ल्यावरून अंगठा फिरवला आणि उंबऱ्यावर गेले. त्या वेळेला पश्चिमेचं ऊन दारातून आत येतं आणि फरशीवर एक लांब पट्टा पडतो, थेट चौथऱ्यापर्यंत. त्या पट्ट्यात त्यांची सावली माझ्या पायांशी पोचली होती.

"हुकूम?"

"करा पुकारा."

"कौतिकाबाई कोंडू, हाजिर हाय काऽऽ?"

दुसरा पुकारा पहिल्यापेक्षा मोठा झाला. तिसऱ्याला त्यांचं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. खांदे वर चढले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. मग घशातून फाटका, कसातरी, पण आला. तिसरा पुकारा झाला.

ते दारातून बाजूला सरले, पोट आत ओढून, आपण अरुंद दारात कोणाला वाट देताना सरतो तसे.

त्यांची सावली फरशीवरून गेली. ऊन मात्र पूर्ण मोकळं झालं नाही. उन्हाच्या पट्ट्यात खालच्या बाजूला एक काळसर आकार राहिला होता. ठेंगणा. आणि खोलीत डोक्याच्या तेलाचा वास आला, उन्हात तापलेल्या तिळाच्या तेलाचा, जुनाट आणि गोडसर.

बाबा माझ्याकडे बघत होते. खुर्चीत मी होते, बोलायचं मी होतं. वावर तुमचं होतं बाई, एवढंच म्हणायचं. पाच मिनिटांपूर्वी मी अशाच एका वाक्यावरून त्या माणसाला बोल लावला होता. आणि माझ्या तोंडून काय निघालं? भीतीपोटी कसंही करून हे संपावं, एवढंच मनात होतं, आणि आपण जन्मभर सगळ्या ऑफिसांतून जे ऐकत आलो तेच बाहेर पडलं.

"आज नाही," मी म्हटलं. "पुढच्या मंगळवारी."

फरशीवरचं ऊन हळूहळू मोकळं झालं.

बाबांनी पट्टा काढला, घडी घातली. रागावले नाहीत; रागावले असते तर बरं झालं असतं. "तारीख देल्ली तुमी," ते म्हणाले. "आता यावं लागन तिले. तुमाले बी." आणि मग मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. उंबऱ्यावर, गुडघे पोटाशी घेऊन, बराच वेळ.

रविवारी ते गेले. झोपेतच. मला सोमवारी कळलं, तोवर सगळं आटोपलं होतं. मंगळवारी सकाळी त्यांची सून कल्पनाघरात आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पट्टा.

"मामंजी म्हने का हे मॅडमले देजो," ती म्हणाली. "शनवारीच सांगून ठेवलं. म्हने, मंगळवार हाय त्याइचा." मग तिने विचारलं, "काय होतं हो मंगळवारी?"

मी म्हटलं, एक काम राहिलंय. पट्टा दाराजवळच्या खिळ्याला टांगला.

मी त्या दिवशी घरी जाऊ शकले असते. बुलढाण्याची बस साडेतीनला होती, आणि मी ती फाट्यावरून जाताना ऐकली. सुतारांना यंत्रं बंद करायला सांगितली, आणि आतल्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले. बसल्यावर लक्षात आलं की हे काम दोघांचं आहे. मी उंबऱ्यावर गेले तर खुर्ची रिकामी राहते, आणि खुर्चीत बसले तर पुकारायला कोणी नाही. तारीख देताना हा विचार केला नव्हता. तारीख देणारे तो कधीच करत नाहीत.

चार वाजले. ऊन आत आलं, फरशीवर पसरलं, आणि पूर्ण पसरलं नाही. पट्ट्याच्या मधोमध एक उंच सावली माझ्या पायांशी येऊन थांबली होती. दारात कोणी नव्हतं. खिळ्याला पट्टाही होता, जागच्या जागी.

हुकूम लागतो हे मला आठवलं. "करा पुकारा," मी म्हटलं.

मला काही ऐकू आलं नाही. मी मोजलं मात्र. एकेका हाकेला लागतो तितका वेळ देऊन, एक, दोन, तीन. तिसऱ्यानंतर उंच सावली बाजूला सरली, आणि मग तो तेलाचा वास आला.

"कौतिकाबाई," मी म्हणाले, "वावर तुमचं होतं. तुम्ही हजर होता. चूक कचेरीची झाली, आणि मागच्या मंगळवारी माझी. आता पुढची तारीख नाही. घरी जा."

एकदा म्हणून भागणार नव्हतं. मी तेच पुन्हा म्हटलं. आणि तिसऱ्यांदा उभी राहून म्हटलं, शेवटच्या खांबापर्यंत वाऱ्यातसुद्धा पोचेल इतक्या मोठ्याने. बाहेर सुतार बोलत होते ते थांबले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलं नाही.

नंतर मी सुतारांसाठी चहा मागवला, स्वतः मात्र घेतला नाही. तेव्हापासून जमलेलं नाही. त्या कोपऱ्यात दारही काढलं नाही. शिवणाऱ्या बाया वळसा घालून जातात.

त्या मंगळवारी दिवस मावळायला आला, सगळे गेले. मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि वऱ्हांड्याकडे बघून विचारलं, "कोनी राह्यलं काऽऽ?" तीनदा, त्यांच्यासारखंच. मान तिरकी करून थांबले. नुसती कबुतरं होती. मी बाहेर आले, फाटक ओढून घेतलं, आणि साखळी कोयंड्यात अडकवली.